ताराबाईने काटे ओढले

मुरबाड तालुक्यात, म्हसा गावाच्या अलीकडच्या एका गावात लॉकडाऊन सरकारपेक्षा लडकूनेच जास्त मनावर घेतला होता. गावाच्या तोंडाशी बाभळीचे काटे रचून, काठी घेऊन तो दिवसभर राखण करायचा. भेंडीचा टेम्पोवाला भगीरथ त्याचा सख्खा भाचा, पण त्यालाही आत प्रवेश नाही! क्रेट लोकांनी डोक्यावरून काट्यांपर्यंत न्यायचे. लडकूची बायको ताराबाई विहिरीवर बायांना सांगायची, "यमाला पण पास इचारतील ह्ये."

एके सकाळी राखणीवरच लडकूला दरदरून घाम फुटला. छाती दाबत तो घरी आला. "गॅस हाय, ओवा दे." ताराबाईने दवाखान्याचं नाव काढताच तो हबकला. "नाय गो, छातीचं सांगितलं का करोनावाल्यांत टाकतील. मंग मी परत नाय यायचा."

ओवा चावूनही दुखणं हटेना, चेहरा पांढराफटक पडला. ताराबाई काट्यांकडे धावली; पलीकडे भगीरथ टेम्पोत भेंडी भरत होता. गडीमाणसं काट्यांपाशी नुसती उभी. लडकूचे काटे लडकूला न विचारता हलवायचे कसे? ताराबाईने पदर खोचला आणि उघड्या हातांनी बाभूळ ओढून फेकली. भगीरथने अर्धा भरलेला टेम्पो तसाच दारात आणला.

भेंडीच्या क्रेटांमध्ये आडवा झालेला लडकू कण्हत म्हणाला, "मागून रस्ता बंद करा रे."

"गप पडा वो!" ताराबाई किंचाळली.

मुरबाडला डॉक्टरांनी ईसीजी काढला. हार्ट अटॅकच होता. लगेच गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं. "लोक भीतीने घरीच बसतात हो, आणि मग आमच्या हातात काही राहत नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही वेळेत आणलंत." तेव्हा कुठे ताराबाई पायरीवर बसून हमसून रडली. भगीरथ तिच्या तळहातातले काटे काढत बसला.

कल्याणला पुढचे उपचार घेऊन लडकू परतला, तर बाहेरून आलेला म्हणून गावाने त्यालाच उचलून शाळेत वेगळं ठेवलं. मग काय विचारता! "मी ठणठणीत हाय! आनि कालवणात मीठ का नाय?" त्याचा आरडाओरडा पार खळ्यापर्यंत ऐकू येऊ लागला. पोरं खिदळायला लागली.

ताराबाई ताट ठेवून शाळेच्या अंगणात लांब बसली. हसता हसता तिचे डोळे भरून वाहत होते.

"वरडा," ती म्हणाली, "अजून जोरात वरडा. मला आयकू द्या."