शंभरात छत्तीस

माझे बाबा, मोतीराम, अकोल्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस पारखायचे. मूठभर कापूस बोटांनी चिवडला, की शंभरात रुई किती निघेल आणि सरकी किती, ते सांगून मोकळे. यंत्रातून काढल्यावर उतारा तेवढाच यायचा. त्यामुळे त्यांच्या डोक्यात कायमची हवा गेली होती. जगातलं सगळं आपल्याला कळतं, अशी त्यांची समजूत.

एकोणसाठ साली मायचे पाय सुजले. घागर उचलली की धाप लागायची, आडवं निजलं की जीव घुसमटायचा. डॉक्टर म्हणाले, "हृदय थकलंय. रक्त तपासून घ्या आणि कागद मला आणून दाखवा."

बाबांनी कागद आणला तो थेट घरी. इंग्रजी त्यांना ओ की ठो येत नव्हतं. पण आकडे आणि टक्क्याची खूण जिनातल्या कागदांवर रोजची. हिमोग्लोबिनपुढे छत्तीस टक्के लिहिलं होतं.

"छत्तीस!" बाबा म्हणाले. "आपल्याकडे तेहतीस-चौतीसच्या वर उतारा जात नाही. अव्वल माल आहे तुही माय."

"डॉक्टरले दाखवा ना," मी म्हटलं.

"चांगला कागद कायले दाखवाचा? त्याचा टाइम कावून खराब कराचा?"

मी मॅट्रिक झालेली, मला तरी अक्कल हवी होती. पण टक्क्यांच्या बाबतीत त्यांच्यापुढे बोलायची घरात कोणाची टाप नव्हती. मायनं सगळं ऐकलं. तीन आठवडे ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली. बाबा रोज विचारायचे, "कशी आहेस?" आणि उत्तरही स्वतःच द्यायचे, "मस्त आहेस."

मग एका दुपारी धापेनं तिला बोलताच येईना. टांग्यात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी कागद पाहिला, त्यावरची तारीख पाहिली, मग बाबांकडे पाहिलं. "निरोगी माणसाचं नव्वदच्या आसपास असतं. यांचं छत्तीस. एवढ्याशा रक्तावर अंग चालवायला हृदय दुप्पट पळालं आणि थकलं."

"मंग बाकीची चौसष्ट, ते सरकी?" बाबांनी विचारलं. अगदी खरंच विचारलं. मला जमीन दुभंगावी असं झालं.

"बाकी नाहीच," डॉक्टर म्हणाले.

महिनाभर लोहाची इंजेक्शनं, हृदयाच्या गोळ्या आणि अळणी जेवण चाललं. सूज उतरली. नवा कागद अठ्ठावन्न म्हणाला. माय पाठ टेकून झोपू लागली.

घरी न्यायच्या दिवशी बाबा तिच्या खाटेपाशी उभे राहिले. "तो पयला कागद खराब होता. मले चांगला वाटला. माही चूक झाली."

माय उठून बसली. "म्हंजे तुमाले खरंच चांगला वाटला होता?"

"हो."

"मले वाटलं, आता इलाज नाही असं लिवलं असन. मले बरं वाटावं म्हनून तुमी मस्त आहेस, मस्त आहेस म्हनता. म्हनून मी बी कन्हली नाही. म्हटलं, तुमाले कायले तरास?"

बाबा खाटेवर बसले आणि वॉर्डातल्या सगळ्यांदेखत रडले. मायनं त्यांना रडू दिलं.