तुरीच्या बियाण्याचा गूळ

दुष्काळानंतरच्या पेरणीला आमच्या ह्यांनी तिसगावहून तुरीच्या मुळांवर गाठी धरून पिकाला पोसणाऱ्या जिवाणूंचं पाकीट आणलं. म्हणाले, "गुळाच्या पाण्यात कालवून तुरीच्या बियाला चोळ. गुळामुळं ते उन्हातबी बियाला धरून जगत्यात."

घरात गुळाचा एकच खडा होता. तापाने सुकलेली लेक त्याच्याकडे टक लावून बघत होती. मी तो तिला दिला आणि बियाणं नुसत्या पाण्यात चोळलं. पेरलं, तर पावसाने ओढ दिली. बी मातीत तापत पडलं.

पुढे तूर उगवली, पण पिवळी पडली. जिवाणूंच्या गाठी मुळांवर दिसायला हव्या होत्या, एकही नव्हती. हे पाकीटवाल्याला शिव्या घालत राहिले. गुळाचं मी सांगितलं नाही. तोवर लेक गेली होती. तिच्या तोंडी गेलेला शेवटचा गोड घास चुकीचा होता, असं मला कुणाकडूनही ऐकायचं नव्हतं.