आरामखुर्चीचा डावा हात

आमच्या थोरल्या साडूंनी जन्मात कुणाच्या घरी नुसता चहा घेतलेला नाही. चहा बाहेर येईपर्यंत त्यांनी बसल्या खुर्चीला टिचकी मारलेली असते, मान तिरकी करून तिचा आवाज ऐकलेला असतो, आणि यजमानांची पाठ वळली रे वळली की बोट जिभेवर ओलं करून खुर्चीच्या हातावर फिरवलेलं असतं, कारण लाकूड ओलं झालं की त्याच्या रेषा उठून दिसतात. वैजापूरपासून अजिंठ्यापर्यंत आमचे जेवढे म्हणून सोयरे आहेत, त्यांच्या घरातलं एकही जुनं लाकूड या बोटातून सुटलेलं नसावं. ते येणार असले की माझी बायको आधी खुर्च्या पुसायची आणि ते गेले की पुन्हा पुसायची.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वाळूजच्या एका कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. यंत्रावरून उतरलेला भाग हातात घ्यायचा, मोजायचा आणि बाजूला टाकायचा, हे काम त्यांनी इतक्या निष्ठेनं केलं की निरोपसमारंभात मिळालेली शालसुद्धा त्यांनी उजेडाकडे धरून पाहिली. निवृत्तीनंतर नाकारायला लोखंड उरलं नाही म्हणून त्यांनी लाकूड धरलं, असं आम्ही त्यांच्या माघारी म्हणायचो. खरं कारण वेगळं होतं आणि ते त्यांच्या घरातच होतं.

अक्का, म्हणजे माझी ही मेव्हणी, मुलींच्या शाळेत खेळाच्या बाई होत्या. लेझीम, खोखो आणि धनुर्विद्या. शाळेची धनुष्यं सरसकट एका मापाची. उंच मुलीला तोकडी, बुटकीला लांब, आणि अक्कांच्या पंजाला मूठ कायम जाडच. तरी त्यांचा बाण चुकलेला कुणी पाहिला नाही. त्या निवृत्त झाल्या तेव्हा साडूंनी मोठ्या मनानं विचारलं की तुला काय करू, बांगड्या की पाटल्या. अक्का भाजी निवडत म्हणाल्या, "सोनं नको. सगळी उमर दुसऱ्याच्या मापाचं धनुष्य वढलं. एक माझ्या हाताचं असावं वाटतं." एखादा साधा नवरा दुकानात गेला असता. साडूंनी हे वाक्य कारखान्यातल्या ऑर्डरीसारखं मनावर घेतलं, आणि आमच्या सगळ्यांच्या फर्निचरवर संक्रांत आली.

धनुष्यात म्हटलं तर गोष्टी दोनच, असं ते समजावून सांगत. मधली मूठ आणि तिच्या वरखाली जोडलेली दोन पाती. पात्यानं वाकायचं आणि सोडलं की मुकाट सरळ व्हायचं. मुठीनं मात्र काही झालं तरी वाकायचं नाही. त्यांच्या घरात मूठ कोण आणि पातं कोण हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते बोलून दाखवायची कुणाची छाती नव्हती. मूठ जड असली की हात डुलत नाही, म्हणून आधी शिसव. शिसव मिळालं तर त्यात गाठ निघाली. मग खैर, तो कोरताना पटाशीसारखी किकरं बोथटली. मग चिंच, मग अंजन. लाकूड घरी यायचं, आठवडाभर कपाळाला आठ्या घालून न्याहाळलं जायचं, आणि शेवटी अक्कांच्या चुलीला, म्हणजे पाणी तापवायच्या बंबाला, अर्पण व्हायचं. त्या काळात अक्कांइतक्या उंची लाकडावर अंघोळीचं पाणी शहरात दुसऱ्या कुणी तापवलं नसेल.

या नादात काळवेळाचं भान त्यांना राहायचं नाही. वैजापूरला आमच्या चुलत सासऱ्यांच्या दहाव्याला आम्ही गेलो होतो. साडू दाराशी बसून चौकटीवरून असा हात फिरवत होते, चेहरा असा उतरलेला, की लोकांना वाटलं, यांनाच सर्वांत जास्त लागलंय. मी मनातल्या मनात देवाचा धावा करीत होतो, तेवढ्यात त्यांनी मुलाला विचारलंच, की ही चौकट बाभळीची का. मुलगा म्हणाला, "व्हय. बापानंच लावल्याली बाभूळ व्हती," आणि इतका वेळ दाबून धरलेला त्याचा हुंदका फुटला. मग साडूही त्याच्या गळ्यात पडून मनापासून रडले. परतीच्या वाटेवर मात्र, बाभूळ मुठीला बरी पण जरा जास्तच जड पडेल, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं.

अजिंठ्याची तर गंमतच झाली. सगळा गोतावळा लेणी बघायला निघाला, हे मध्येच गावात उतरले. तिथं कुणाच्या तरी बांधावर धामणीचं झाड आहे आणि पात्याला धामण उत्तम, अशी खबर त्यांना होती. लेणी आम्ही बघितली, झाड त्यांनी बघितलं. संध्याकाळी ते एसटीत चढले तेव्हा त्यांच्यासोबत पुरुषभर उंचीची फांदी होती, आणि ती खिडकीतून बाहेर राहील की आत यावर कंडक्टरशी वाद घालून शेवटी त्यांनी तिचंही तिकीट काढलं. ती फांदी वाळता वाळता पिळवटली आणि बंबात गेली. लाकडाच्या वखारीवाले चाचा फार सोशिक गृहस्थ, पण एकदा साडूंनी उन्हात सगळी थप्पी उलटीपालटी केली तेव्हा तेही म्हणाले, "साहब, लकडी लेने कू आये कि बहू देखने कू? बहू इत्ती नै देखते लोगां." साडूंना त्यात चेष्टा दिसली नाही. सून बघायला इतका वेळ लागत नाही, हे त्यांनाही मान्य होतं.

पात्यासाठी त्यांनी फायबरही करून बघितलं. कारखान्यातल्या एका जुन्या मित्रानं पट्ट्या ओतून दिल्या. न ऊन, न पाऊस, न वाळवी, असा त्यांचा गुण गात साडू घरी आले. अक्कांनी हुंगून बघितलं आणि विचारलं की हे धनुष्य आहे की गच्चीवरची टाकी. फायबर बाद झालं. मग बांबू. पाडव्याच्या सकाळी साडू सगळ्या कॉलनीत दारोदार हिंडले. लोकांना वाटलं, काय हौशी माणूस, शुभेच्छा द्यायला आलाय. ते प्रत्येक गुढीपुढं उभे राहून मान वर करून काठीची पेरं न्याहाळत होते. आपल्याच माळ्यावर सासूबाईंच्या वेळची काठी आहे, वर्षातून एक दिवस उन्हात निघते, बाकी सुकी राहते, हे अक्कांनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. पण घरचं लाकूड निवडलं तर ते निवडणं कसलं?

अशात एक दिवस अक्कांच्या हातून पिठाचा डबा निसटला. मग चहाची बशी वाजायला लागली. डॉक्टरांनी कंपवात सांगितलं आणि गोळ्या दिल्या. हात हळूहळू कमी होत जाणार, हे त्यांनी साडूंना बाहेर बोलावून सांगितलं होतं. तिथून त्या माणसाच्या मागं वेळ लागला. पाती मनासारखी होईपर्यंत अक्कांचा हात आणखी उतरलेला असायचा. ओढलेली दोरी हनुवटीपर्यंत यायची नाही. साडू पाती तासून पातळ करायचे, पातळ करेपर्यंत हात अजून खाली. लाकूड मुरायला वर्षं मागतं आणि अक्कांचा हात थांबायला तयार नव्हता. हे सगळं आम्हाला दिसत होतं, आणि इतकी वर्षं ज्या निवडानिवडीला हसलो तिचाच आता राग येत होता. बाबा रे, एकदाचं काहीतरी पसंत कर, असं ओरडावंसं वाटायचं.

एका सकाळी ते माझ्याकडं आले आणि टिचकी न मारता उभेच राहिले. माझ्याकडं वडिलांची आरामखुर्ची आहे. पोलीस ॲक्शननंतर, निजामाचं राज्य गेल्यावर, कुणी मुन्सफसाहेब घरदार आवरून हैदराबादेला निघाले, तेव्हा वडिलांनी ती घेतली. जुनं सागवान, पाय टाकून पडता येईल असे लांबलचक हात. साडूंचा तिच्यावर पहिल्यापासून डोळा होता. त्यांच्या बोटानं तिचा डावा हात गुळगुळीत झाला होता. उजव्यावर वडिलांचा चहाचा पेला असायचा, त्याला पाणी लागलं होतं. डावा मात्र कोरडा, हलका आणि सरळ रेषेचा. साडू खाली बघत म्हणाले, "साडूभाऊ, आता मला निवडायला टाइम नाय. ह्या खुर्चीचा डावा हात द्या." वडील गेले त्या दिवशीही त्यांचा पंजा त्या हातावर होता. मी उठलो. आत जाऊन पेचकस आणला.

मुठीचं माप त्यांनी कणकेत घेतलं. अक्कांनी कणकेचा गोळा मुठीत आवळायचा आणि त्यावर उमटलेल्या बोटांबरहुकूम सागवान कोरायचं. हात कापायचा, ठसा फिसकटायचा, साडू पुन्हा गोळा पुढं करायचे. शेवटी अक्काच हसायला लागल्या आणि त्या सगळ्या कणकेच्या त्यांनी आम्हाला पोळ्या करून वाढल्या. माळ्यावरची काठी फोडून पाती झाली. त्या पाडव्याला त्यांच्या दारात गुढी नळाच्या प्लास्टिकच्या पाइपवर उभी राहिली आणि तांब्याच्या वजनानं दुपारपर्यंत शेजाऱ्यांना नमस्कार करीत राहिली.

धनुष्य झालं त्या संध्याकाळी अक्कांना उभं राहवत नव्हतं. अंगणात खुर्ची टाकली, समोर पोत्यात कडबा भरून ठेवला. साडू त्यांच्या मागं उभे राहिले, पण त्यांनी हात लावला नाही. अक्कांनी मूठ धरली, दोरी ओढली, आणि ती हनुवटीपर्यंत आली. बाण पोत्यापर्यंत पोचलाच नाही. अलीकडच्या लिंबाच्या आळ्यात जाऊन पडला. तिकडं कुणाचं लक्षही नव्हतं. अक्का आपल्या डाव्या हाताकडं बघत होत्या. म्हणाल्या, "बघा की, मुठीत हाय तवर हात हालत नाय." साडूंनी तोंड फिरवलं आणि ते बाण आणायला गेले. तो शोधायला त्यांना फार वेळ लागला.

तो सगळा हिवाळा अक्का रोज संध्याकाळी अंगणात बसून एखादा बाण सोडायच्या. पुढं दोरी ओढवेना, तेव्हा धनुष्य नुसतं मांडीवर घ्यायच्या आणि मूठ धरून बसायच्या. उन्हाळ्यात त्या गेल्या. साडूंनी दोरी उतरवून ठेवली. वापर नसताना दोरी चढवून ठेवली की पाती तशीच वाकून राहतात, एवढंच म्हणाले.

मागच्या आठवड्यात ते माझ्याकडं आले होते. त्याच आरामखुर्चीत बसले. तिला सुतारानं आता दुसराच डावा हात बसवून दिलाय. चहा येईपर्यंत साडूंचे दोन्ही हात मांडीवर होते. चहा आला, त्यांनी घेतला, कप खाली ठेवला. नुसता चहा घेतला. माझी बायको दारात फडकं घेऊन उभी होती, ती आत निघून गेली. मला ते बघवेना. मी वाकून खुर्चीच्या नव्या हाताला टिचकी मारली आणि विचारलं की साडूभाऊ, सुतार सागवान म्हणाला होता, खरं का.

साडूंनी वळून त्या हाताकडं पाहिलं. मग मान तिरकी करून त्यांनी स्वतः टिचकी मारली, बोट जिभेवर ओलं केलं, लाकडावरून फिरवलं.

"फसवलं तुम्हाला. बाभूळ हाय," ते म्हणाले. "पर चांगली हाय, गाठ नाय." बोट त्यांनी तिथंच ठेवलं. "हिच्या हाताला जड झाली असती."