आमच्या एक्स्चेंजमधला ‘होल्ड’

आम्ही जुन्या ऑपरेटर बायका कुणाच्या लग्नाकार्यात भेटलो की पानातलं जेवण गार होतं. एक जण सुरू करते, दुसरी म्हणते, ‘अगं, ते राहू दे, त्यापेक्षा हे ऐक!’ लोणावळ्याचं आमचं टेलिफोन एक्स्चेंज म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक बोर्ड आणि कानाला हेडसेट लावलेल्या आम्ही चौघी. साठ-पासष्ट सालच्या आसपासची गोष्ट. तोंडात दिवसभर एकच शब्द, ‘होल्ड’. त्या एका शब्दाचेच इतके किस्से आहेत, की काय सांगू!

नलू तळेगावची. नवीकोरी नोकरी, भित्री पोर. तुंगार्लीच्या बंगल्यावरून एका मुंबईकर शेठचा फोन आला. लाईनीत खरखर. शेठ नुसता ओरडत होता, ‘होल्डॉल! अहो बाई, होल्डॉल!’

नलूनं बोर्डावरच्या एकूण एक पार्टीला, म्हणजे फोनवरच्या माणसाला, ‘होल्ड प्लीज’ सांगितलं आणि हाताची घडी घालून बसली. सगळं लोणावळं मुकं!

आमच्या सुपरवायझर देशपांडेबाई धावत आल्या. ‘अगं, हे काय केलंस?’

‘बाई, साहेब म्हणाले, होल्ड ऑल!’

‘अगं वेडे, त्यांची वळकटी राहिली गाडीत! गादी-उशी गेली पुण्याला!’

लाइनमन गणपतभाऊ भाजे गावचे. पावसाळ्यात खांब कोसळायचे, ते उभे करायला हे. एकदा खांब दोरानं ओढून उभा करत होते, आणि एक जण खाली खड्ड्यात उतरून दगड भरत होता. पुण्याहून आलेले नवे इन्स्पेक्टर ओरडले, ‘होल्ड! होल्ड!’ त्यांना म्हणायचं होतं, काम थांबवा. बाकीच्यांनी दोर सोडला. गणपतभाऊंनी मात्र घट्ट धरला. एकट्यानं! तळहाताची साल गेली. पण खड्ड्यातला माणूस वर येईतो खांब पडू दिला नाही.

‘अहो, होल्ड म्हणजे थांबा म्हणालो होतो मी!’ साहेबांचा चेहरा पांढराफटक.

गणपतभाऊ रक्ताळलेले हात धोतराला पुसत म्हणाले, ‘आसंल साहेब. मला वाटलं, धरा.’

त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं पुढं कधी सरळ झाली नाहीत. चहाची बशी ते डाव्या हातानं धरायचे.

धरणात गाव गेलेले एक आबा पुण्याच्या वकिलाला फोन करायला एक्स्चेंजमध्ये यायचे. त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून वकिलाचं बोलणं मी ऐकायची आणि आबांना मोठ्यानं सांगायची. एकदा वकील म्हणाला, ‘होल्डिंग किती ते विचारा.’

‘आबा, होल्डिंग किती?’

‘म्हंजी?’

‘तुमच्या नावावर जमीन किती आहे?’

आबांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, ‘इचारा त्यास्नी, पान्यावरची सांगू का पान्याखालची?’

देशपांडेबाईंनी लग्न केलं नव्हतं. विचारायची आमची हिंमत नव्हती. एकदा डबा खाताना नलूनंच भाबडेपणानं विचारलं. आम्ही तिघींनी माना खाली घातल्या.

बाई मात्र रागावल्या नाहीत. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाल्या, ‘अगं, होता की एक कॉल! पण वडील गेले, मागं तीन धाकट्या बहिणी. त्यांचे कॉल आधी लावून दिले. माझी पार्टी होल्डवर होती बिचारी. फार दिवस होती हं!’

आणि स्वतःच हसल्या.

बाजारात खातूनमावशींचं बांगड्यांचं दुकान होतं. त्यांचा एकुलता एक युसूफ मालवाहू जहाजावर खलाशी. जहाज मुंबईला लागलं की त्याचा ट्रंक कॉल यायचा, आणि आम्ही मावशींना निरोप धाडायचो. त्या डोक्यावरचा पदर सावरत एक्स्चेंजमधल्या फोनच्या केबिनमध्ये शिरायच्या. आम्ही म्हणायचो, ‘मावशी, होल्ड करा हं!’ थोडी खरखर व्हायची, आणि मग युसूफचा आवाज यायचा, ‘अम्मा!’

त्या दिवशी कॉल जहाज कंपनीच्या कचेरीतून आला. देशपांडेबाई लाईनीवर होत्या, मावशी केबिनमध्ये. पलीकडून साहेब सांगत होता, ‘युसूफ होल्ड में था... पानी भर गया... बहुत अफ़सोस है...’ आवाज येत होता, जात होता. मग लाईनच तुटली.

बाईंनी हेडसेट काढला. उठून केबिनचं दार उघडलं. मावशींनी रिसीव्हर कानाला दाबून धरला होता.

‘मावशी,’ बाई म्हणाल्या, ‘जहाजात खाली माल ठेवायची जागा असते ना, तिला...’

मावशींनी त्यांना हातानंच गप्प केलं. तोंडावर हसू होतं.

‘श्श, बाई! साहेब म्हनला, युसूफ होल्डमधी हाय. थांबा जरा. आता बोलंल त्यो.’