खकाणाईचा अंगारा

खकाणाई ही देवी मी केली. आधी तेवढं लिहून ठेवते. तोंडानं सांगायला गेले की ऐकणारा हसतो. कागद हसत नाही.

एकोणीसशे सत्तरनंतरच्या त्या सालांत मी निपाणीला तंबाखूच्या वखारीत जात होते. चौथीनंतर शाळा सुटली होती. थोडी मोठी झाल्यावर आईनं आपल्यासोबत चाळणीवर बसवलं. वर पत्र्याचं लांबलचक छप्पर, भिंतीत उंचावर दोन झरोके, खाली रांगेनं बायका. तंबाखू चाळली की तिची बारीक भुकटी उडायची, तो खकाणा. तो पापण्यांत बसायचा, दुपारच्या भाकरीत जायचा. घरी गेल्यावर धाकटा भाऊ मांडीवर यायचा आणि शिंकत पळून जायचा.

मुकादम रांगांतून फिरायचा. लग्न न झालेल्या पोरींच्या मागं आला की थांबायचा. "चाळण नीट धर गं," म्हणत खांद्यावरून हात पुढं घालायचा. कधी एखादीला आतल्या खोलीत पोती बघायला न्यायचा. परत आलेली पोर दिवसभर मान वर करायची नाही. मोठ्या बायकांना सगळं ठाऊक होतं. तो पोरींजवळ थांबला की त्या खोकायच्या. खोकण्यापलीकडं कुणी काही केलं नाही. माझी आईपण खोकायची.

माझ्या शेजारी सांबरे गावची एक पोर बसायची, ती सांबऱ्याची. आम्ही एकमेकींना गावावरूनच हाक मारायचो. ती मावशीकडं राहून कामाला यायची, तोंडानं फटकळ, कशालाही हसायची. एक दिवस ती आतल्या खोलीतून आली आणि हसली नाही. तिची चाळण हलत होती, पण चाळणीत तंबाखूच नव्हती. झरोक्यातून उन्हाचा पट्टा खाली आला होता आणि त्यात खकाणा वेटोळी घेत वर चढत होता. मी म्हटलं, "रडू नगंस. ती बघतीया."

"कोण?"

"ती. पंखांची."

दिवाळीच्या फटाक्यांच्या पुडक्यावर मी तसलं चित्र बघितलं होतं. पंख असलेला लांब साप, तोंडातून जाळ. माझी मात्र बाई होती. तिचं शेपूट सगळ्या तुळयांना विळखा घालून बसलेलं, अंगावर तंबाखूच्या पानांचे खवले, एकावर एक. जाळाच्या जागी ती खकाणा ओकायची. सांबऱ्याचीनं वर बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाली, "लई मोठी हाय की गं."

मग नियम झाले. तेही मीच सांगितले. तिला नवरा नाही, तिला दिवा नको, पुजारी नको. खकाणा हाच तिचा अंगारा. चिमूटभर पदराच्या गाठीत बांधून ठेवायचा. कपाळाला लावायचा तर आपला आपण, दुसऱ्यानं लावला की वाया गेला. आणि नको तो हात अंगावर आला की गाठ सोडायची. महिनाभरात सगळ्या पोरींच्या पदराला गाठी आल्या.

पहिली गाठ सांबऱ्याचीनंच सोडली. मुकादमाचा हात खांद्यावरून पुढं आला आणि तिनं सगळी चिमूट त्याच्या डोळ्यांत फेकली. तो "मेलो, मेलो" करत पोत्यावर बसला. ही उभी राहून ओरडली, "मी न्हाय, खकाणाई! पोरींना हात लावलेलं तिला खपत न्हाय!"

मुकादम डोळे सुजून घरी पडला. चिकोडीची एक म्हातारी वर तुळयांकडं बघून म्हणाली, "आमच्या तरणेपणी कुठं उलथली होतीस गं बये?" सगळ्या हसल्या. ते दिवस आम्ही पाठ भिंतीला टेकून, पाय पसरून काम केलं.

तो परत आला तो काचेची तसबीर घेऊन. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याकडून काढून घेतलेली. त्यात एक गोरी बाई, लाल साडी, नाकात नथ, आणि पायाशी मांजरागत झोपलेला साप. पंख नाहीत. मुकादम म्हणाला, "आई सपनात आली. माझी नजर तिनं परत दिली." आणि ती तसबीर टांगली कुठं? आतल्या खोलीच्या दारावर.

दर शुक्रवारी काम सुटायच्या आधी आरती सुरू झाली. आरतीनंतर आम्ही रांगेत जायचं आणि मुकादम प्रत्येकीच्या कपाळाला शेणीची राख लावायचा. पोरींची पाळी आली की त्याचा अंगठा लवकर उचलायचा नाही. दुसऱ्या हातानं हनुवटी वर करायचा. "अंगारा नीट लागाय नको?" ज्या हाताला अडवायला मी तिला केलं, तोच हात आता तिच्या नावानं अंगावर येत होता. पूर्वी बायका निदान खोकत तरी होत्या. आता हात जोडून उभ्या राहायच्या.

एका शुक्रवारी ताट मांडायचं काम माझ्याकडं आलं. मी राखेत खकाणा मिसळला, अगदी वस्त्रगाळ. अंगारा वाटून झाला की दोन्ही तळवे डोळ्यांवरून फिरवायची त्याची सवय मी बघून ठेवली होती. त्यानं तळवे फिरवले. डोळ्यांतून धारा लागल्या. मला वाटलं, आता बोंबलेल. तो गुडघ्यांवर बसला आणि भरल्या गळ्यानं म्हणाला, "आई! आई आली!"

बायका त्याच्या पायांवर पडल्या. पहिली माझी आई.

सांबऱ्याची माझ्या कानाशी म्हणाली, "तुझी देवी फितूर झाली की गं."

पुढच्या शुक्रवारी रांगेत माझी पाळी आली. अंगठा पुढं आला आणि मी मागं सरले.

"आपला आपण," मी म्हटलं.

"काय?"

"अंगारा आपला आपण लावायचा. नियम हाय."

"कुणाचा नियम? तुला कुणी सांगितला?"

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. इतक्या जणींनी माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं. मी म्हटलं, "कुणी न्हाय. नियम मी केला. देवीबी मीच केली."

"पाप लागंल गं, सटवे!" मागून कुणीतरी ओरडलं. मुकादम हसला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ऐकलंसा? ही देवी करणार!" मग हसणं थांबवून मला म्हणाला, "उद्यापासनं येऊ नगंस."

सांबऱ्याची पुढं झाली, ताटात बोट बुडवलं, आपल्या हातानं कपाळाला लावलं आणि बाजूला झाली. तिच्या मागच्या पोरीनं मात्र कपाळ पुढं केलं. तिच्या मागचीनंही.

घरी जाताना आई माझा दंड धरून ओढत चालली होती. मला वाटलं, देवीची निंदा केली म्हणून शिव्या देईल. वस्तीच्या वळणावर कुणी नाही असं बघून ती थांबली.

"येवढं खोटं बोलाय येत न्हाय व्हय गं तुला? 'तिनं सांगितलं' म्हणायचं हुतंस. घुमायचं हुतंस जरा. त्योबी पाया पडला असता तुझ्या."

मी दंड सोडवून घेतला. "म्हंजे तुला ठाऊक हुतं? देवी खोटी, त्येचं रडणं खोटं? मग पाया का पडलीस त्येच्या?"

तेवढ्यात समोरून सायकलवरून मुकादम आला. घंटी वाजवत अगदी आमच्या जवळून गेला आणि जाताना माझ्याकडं बघून हसला.

आई खोकली.