आक्काच्या मशीनवर माझी मांडी

थांबा, हे आत्ताच सांगायला पाहिजे, न्हायतर मला चैन पडायचं न्हाय! गेल्या महिन्यात आमची आक्का गेली. माझी थोरली आत्या, पण अख्खी गल्ली तिला आक्काच म्हणायची. शाहूपुरीत तिचं सोनोग्राफीचं क्लिनिक होतं. मी तालमीतनं घरी आलो (आम्ही कोल्हापूरच्या पोरी 'आलो-गेलो'च म्हणतो), तर बाबा दारातच उभे. "आक्काला अटॅक आला गं..." एवढंच. मी कुस्ती खेळतो, कुणी उचलून आपटलं तरी उठतो. त्या दिवशी पायरीवरनं उठता येईना.

आक्काला वेड होतं पैलवानांच्या मांड्यांचं. हसू नका! पोटं बघून बघून ती कंटाळली होती, आणि नवीन मशीन आलं, त्यात स्नायू किती कडक झालाय ते रंगात दिसायचं. कातडीवर गार जेल लावायचं, मशीनची दांडी हलकीशी दाबायची. मऊ भाग दबतो, तो हिरवा. दबत न्हाय, तो निळा. बैठका जास्त झाल्या की स्नायूला आत बारीक इजा होते, तो कडक होतो. भरून आला की परत मऊ पडतो. "किती दुखतंय ते तू सांगशील," ती मला म्हणायची, "पण तू एक नंबरची खोटारडी. आपण मांडीलाच विचारू."

पण आमचे पैलवान! मांडीवर कुणी हात ठेवला की ती फुगवून दाखवायची, ही तालमीतली सवय. कागलचा एक दांडगा गडी आला, सगळा स्क्रीन निळा.

"पैलवान, ढिलं सोडा."

"ढिलंच हाय की, आक्का!"

"मग हे काय, दगूड हाय व्हय?"

गडी खूश! आणखीच फुगवली. शेवटी आक्कानं विचारलं, "म्हस किती दूध देती?" म्हशीचं कौतुक सांगता सांगता गडी असा विरघळला, की निळ्याचं हिरवं झालं. तेव्हापासनं आधी म्हशीची चौकशी, मग मोजमाप.

मग माझा नंबर लागला. राज्याच्या निवड चाचणीला थोडेच दिवस, आणि मी येड्यासारख्या उड्या-बैठका मारल्या. जिना उतरताना रडू यायचं. वस्ताद म्हणाले, "अंग मोडतंय म्हंजे तयार हुतंय. खेळ." आक्कानंबी 'खेळ' म्हणावं, म्हणूनच तिच्याकडं गेलो. तिनं मैत्रिणींचं विचारलं, आमच्या मांजराचं विचारलं, मी खळखळून हसलो... डावी मांडी निळीच.

"न्हाय खेळायचं."

"आक्का, वर्षभर मरमर केलीया मी!"

"म्हणूनच."

"तू आत्या हायस का वैरीण?"

"दोन्ही. पाय पूस आणि चहा घे."

वस्तादांना तिनंच फोन केला. चाचणी माझ्याविना झाली. मी तिच्याशी बोलणंच टाकलं, तरी ही बाई रिक्षा पाठवून मला न्यायची, म्हशीबिशीचं काही न विचारता गुमान मोजायची. ज्या दिवशी मांडी हिरवी दिसली, त्या दिवशी नाचली की क्लिनिकमध्ये! बाहेर बसलेल्या पोटुशा बायका दचकल्या. पुढच्या वर्षी माझी निवड झाली, तेव्हा पेढे घेऊन गेलो आणि मिठी मारली. "हळू गं, माझी हाडं बी बघ की!"

तिचं तेरावं झालं आणि मी तालमीत गेलो. सगळं दुःख बैठकांत घातलं. दुसऱ्या दिवशी पाय वाकेना. तिच्या खुर्चीत आता दुसरे डॉक्टर बसतात... मला जावंसं वाटलं न्हाय. मी वस्तादांना फोन लावला. "आज न्हाय येत. मांडी भरून येऊ दे."

ते हळूच म्हणाले, "आक्कानं सांगितलं व्हय?"

"व्हय," म्हटलं.

ती होती तवर भांडल्याशिवाय तिचं एक ऐकलं न्हाय मी, आणि आता बघा! माणूस गेल्यावर त्याचं ऐकायला लागलाय, असं तुमचंबी झालंय का कधी? सांगा की!