दुपट्ट्याखालचा तिसरा नंबर

आमच्या आखाड्याच्या भिंतीवर पत्र्याचा एक फलक होता. मागच्या दहा वर्षांतले दहा पहिलवान, गुणवत्तेच्या क्रमाने. त्यात माझं नाव तिसरं होतं. फलक कधीच गंजून पडला, पण तिसरा नंबर अजून माझ्या डोक्यातून पडलेला नाही. लोकांना वाटतं मी ते विसरलो. मी विसरलेलो नाही, आणि ते कसं घडलं हे मला अजून नीट कळलेलंही नाही.

तेव्हा मी संत्र्याच्या बाजारात दलाल होतो. सुरुवात डोक्यावर टोपल्या वाहण्यापासून केली होती. बाप नव्हता, शिफारस नव्हती. आठ वर्षांत मी टोपलीखालून निघून गादीवर बसलो, तो फक्त बोटांच्या जोरावर. आमच्याकडे भाव तोंडाने बोलत नाहीत. खांद्यावरचा दुपट्टा दोघांच्या हातांवर टाकायचा आणि आत बोटं धरून आकडा सांगायचा. एक बोट म्हणजे एक, तीन बोटं म्हणजे तीन. घेणारा कमी धरतो, विकणारा बोटं वाढवतो, पुन्हा हा दुमडतो. भोवती शंभर माणसं उभी असतात, पण भाव दोनच हातांना ठाऊक. दुपट्टा उचलला की सौदा पक्का. त्यानंतर "मला तसं म्हणायचं नव्हतं" असं म्हणणाऱ्याला बाजारात दुसऱ्या दिवशी कोणी हात देत नाही. मी तर एकदा अशा माणसाची पूर्ण गाडी रस्त्यात उलटवली होती.

पहाटे आखाडा, मग बाजार, असा माझा दिवस होता. माती अंगाला लागली की राग जरा कमी व्हायचा. आखाड्यात माझ्या तोडीचा एकच माणूस होता, गिरणीत काम करणारा. उंच, शांत, हातांना कायम तेलाचा वास. त्याच्याशी माझ्या तीन कुस्त्या झाल्या. पहिलीत मी त्याला चित केलं. दुसरीत त्याने मला. तिसरी इतकी लांबली की सूर्य मावळला आणि पंचांनी ती बरोबरीत सोडवली. त्यामुळे मोठा कोण, हे दोघांपैकी कुणालाच कळलं नव्हतं. मला मात्र पहिली कुस्तीच खरी वाटायची. दुसरीच्या वेळी माझ्या पायात मोच होती. त्याचं म्हणणं होतं, पहिलीच्या वेळी त्याला ताप होता.

एका उन्हाळ्यात वस्तादांच्या मनात आलं की नागपंचमीला फलक लावायचा. मग चहाच्या टपरीवर याद्या सुरू झाल्या. कुणी कोळशाने भिंतीवर नावं लिहायचा, दुसरा थुंकी लावून पुसायचा.

"म्हशीवाला दुसरा? त्याले एका दंगलीत पोरानं पाडलं होतं गा!"

"पोरानं नाही, त्या पोराच्या बापानं."

"दूध पिण्यात तो एक नंबर आहे, हे कबूल."

म्हशीवाला आमच्याच आखाड्यातला. तोही तिथेच बसलेला. त्याने ग्लास फेकला, तो माझ्या कपाळाला लागला, आणि मी त्याच्यावर धावून गेलो. चार जणांनी आम्हाला सोडवलं. त्या दिवशी संध्याकाळी मी वस्तादांना म्हणालो, "बाजारात शंभर लोकांत सौदा होते, भांडण होत नाही. काहून? भाव कोणाले दिसत नाही. तुम्ही एकेकाले बोलवा, दुपट्टा टाका. ज्याले आपला नंबर जेवढा वाटते तेवढे बोटं त्यानं धरावे. मंग शेवटचं तुम्ही ठरवा."

वस्ताद मूळचे गावाकडचे, स्वतःच्या बागेची संत्री विकलेले. त्यांना बोटं कळत होती. ते हसले. "पहिलवानानं आपल्या तोंडानं आपला नंबर सांगू नये, हे खरं. पण बोटानं सांगाले हरकत नाही."

मला एक नंबर हवा होता, हे स्पष्ट सांगतो. बाजारात मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की नागपंचमीला आखाड्यावर या, वर कोणाचं नाव आहे ते पहा. ज्यांच्या टोपल्या मी वाहिल्या होत्या, त्यांनाही बोलावलं होतं. किंबहुना त्यांनाच.

माझी पाळी आली. वस्ताद कुस्तीच्या मातीच्या हौदाच्या काठावर बसले होते. मी पाया पडलो, समोर बसलो. त्यांनी आपला दुपट्टा आमच्या हातांवर टाकला. माझ्या डोळ्यांसमोर वस्तादांचा चेहरा, बोटांना त्यांच्या जाड पंजाची माती. मी तीन बोटं पुढे केली.

का, ते सांगतो. कोणताही दलाल पहिल्या बोलीत खरा आकडा दाखवत नाही. आणि ज्या माणसाच्या आत्ताच पाया पडलो, त्याच्या हातात "मी एक" असं बोट कसं ठेवायचं? मी तीन धरली, आता वस्ताद दोन दुमडतील, एक उरेल, मी जरा मान हलवल्यासारखं करेन, आणि मग सौदा. सगळं मी मनात बसवलं होतं. हे मी दिवसातून चाळीस वेळा करायचो.

वस्तादांनी माझी तिन्ही बोटं एकदम धरली. थोडा वेळ धरून ठेवली. मग दुपट्टा उचलला.

"जा, पुढच्याले पाठव," ते म्हणाले.

मी उभा राहिलो. काय म्हणणार? दुपट्टा उचलला होता. ही रीत माझी, सूचना माझी, आणि अशा वेळी मागे फिरणाऱ्याची गाडी उलटवणारा माणूस मीच. बाहेर येऊन मी म्हशीवाल्याला आत पाठवलं, आणि आखाड्यामागच्या लिंबाच्या झाडाला दोनदा लाथ मारली. झाडाला काही झालं नाही.

नागपंचमीला फलक लागला. पहिला गिरणीवाला, दुसरा म्हशीवाला, तिसरा मी. बाजारातली माणसं आली होती. एक म्हातारा व्यापारी फलक वाचून म्हणाला, "काय गा, तुझं नाव वरून वाचाचं, का खालून?" मी त्याच्याशी वर्षभर बोललो नाही. आखाड्यातही जाणं सोडलं. कारण विचारलं तर म्हणायचो, धंदा वाढला. तो खरंच वाढला. पुढे मी रामदासपेठेत घर घेतलं. पण रात्री जेवताना एखाद्या वेळी डाव्या हाताची तीन बोटं मी आपली आपणच पाहत बसायचो. वस्तादांनी दुमडली का नाहीत? त्यांना मी तिसराच वाटत होतो? की मी म्हशीवाल्याशी भांडलो त्याची शिक्षा? की त्यांना माझी चाल कळलीच नाही? प्रत्येक वेळी वेगळं उत्तर यायचं आणि प्रत्येक वेळी तेच खरं वाटायचं.

बऱ्याच वर्षांनी गिरणीवाला माझ्या गादीवर आला. मुलीच्या साखरपुड्यासाठी संत्री हवी होती. केस पांढरे, पोट सुटलेलं, पण पंजा तोच. मी त्याला चांगला माल काढून दिला. बोलता बोलता फलकाचा विषय निघाला. तो हसून म्हणाला, "मी तर चार दाबले होते, भाऊ."

"चार?"

"हो. वस्तादानं तीन बोटं दुमडले. मी पुन्हा चार केले. त्यानं पुन्हा दुमडले. तीन खेपा झालं तसं. मंग मले लाज वाटली, मी सोडून दिलं."

मी हिशोबाची वही मिटली. त्याच्याशी वस्तादांनी घासाघीस केली होती. तीन खेपा. माझ्याशी एकदाही नाही.

त्याच दुपारी मी वस्तादांकडे गेलो. ते प्रताप नगरात मुलीकडे राहत होते. तेव्हा तिथे घरांपेक्षा मोकळे प्लॉटच जास्त होते. ओट्यावर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. मी पाया पडलो आणि बसायच्या आधीच विचारलं.

"माझे बोटं काहून दुमडले नाही?"

त्यांना एवढं सगळं आठवत असेल असं मला वाटलं नव्हतं. पण त्यांनी कोणती बोटं असं विचारलं नाही.

"तू बाजारातला माणूस. तुझ्या आकड्याले हात लावाची माझी हिंमत नाही झाली. मले वाटलं, हा जे धरते ते तोलून धरते."

"मी तर तुम्ही दुमडाची वाट पाहून राहिलो होतो!"

"मले काय माहीत? मी तर तुले दोन देणार होतो."

"दोन? एक नाही?"

"एक काहून?"

"मी त्याले चित केलं होतं."

"अन् त्यानं तुले?"

"एकदा. पायात मोच होती."

"अन् तिसरी कुस्ती?"

"सुटली."

"मंग?"

इतकी वर्षं मी एक आणि तीन यांच्यातलं अंतर मोजत होतो, आणि या माणसाच्या मनात दोन होतं. ते मला सुचलंसुद्धा नव्हतं. म्हणजे माझं नुकसान एका नंबरचं झालं की दोन नंबरांचं?

"म्हशीवाल्यानं तीन धरले होते," वस्ताद म्हणाले. "तूही तीन. एकाले वर ढकलनं भाग होतं. तुझा आकडा पक्का, मंग त्याले ढकललं."

मी उठायला लागलो. राग कुणावर काढायचा तेच कळेना. वस्तादांनी तेलकट हात पुसला, खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि माझा हात ओढून त्यावर टाकला.

"घे. तो पत्रा तर गेला. आता पुन्हा धर, खरा आकडा."

दुपट्ट्याखाली त्यांचा पंजा उघडा होता. एक धरावा, तर तिसरी कुस्ती सुटली होती. दोन धरावे, तर वस्तादांनी सांगितलं म्हणून धरले असं होईल. तीन धरावे, तर इतकी वर्षं मी भांडत कशासाठी होतो? आत मुलीने भांडी घासून संपवली. माझी मूठ तशीच बंद होती.

"धर गा लवकर," वस्ताद म्हणाले, "हात अवघडून राहिला माझा."